‘जुनी पत्रं रद्दीत घाला’ या फॉरवर्डला बडोद्याहून उत्तर

दिवाळीच्या साफसफाईच्या नावाने एक मेसेज सध्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. आधी मावसबहिणीने टाकला, मग दांडियाबाजारच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या. मजकूर थोडक्यात असा: घरच्या पत्रांत इतिहास नसतो, तो राजेरजवाड्यांच्या कागदांत असतो आणि त्यातलं कामाचं सगळं छापून झालंय. ठेवायचंच तर मोबाईलवर फोटो काढा, मूळ कागद रद्दीवाल्याला द्या. म्हाताऱ्यांच्या आठवणींना पुरावा म्हणून किंमत शून्य. आणि दफ्तरखान्यात कागद दिले की हक्क गेला. शेवटी हात जोडलेले.

घरच्या पत्रांत इतिहास नसतो, हे निदान बडोदेकरांनी तरी म्हणू नये. अरविंद घोष 1893 ते 1906 आपल्या गावात होते, कॉलेजात शिकवत होते. 30 ऑगस्ट 1905 ला त्यांनी बायकोला, मृणालिनीदेवींना, बंगालीत पत्र लिहिलं. सुरुवात सासुरवाडीच्या दुःखाची, म्हणजे कुठल्याही घरातलं पत्र सुरू होईल तशीच. पुढे मात्र ते आपली ‘तीन वेडं’ सांगतात, आणि त्यातलं एक म्हणजे देशाला आई मानणं. 1908 मध्ये अरविंद अलीपूरच्या बॉम्बखटल्यात आरोपी होते, तेव्हा पोलिसांनी ही नवराबायकोची पत्रं जप्त केली आणि कोर्टात पुरावा म्हणून मांडली. सरकारला त्यात इतिहास दिसला होता. आपल्याला दिसायला एवढा उशीर का, कोण जाणे.

‘सगळं छापून झालंय’ याला फार वेळ देत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पेशवे दफ्तराकडे वळले आणि 45 भाग काढले. ते होते निवडक कागदांचे. दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हजारोंनी आहेत.

आता फोटोचं. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण हा घोळ आमच्याच घरात झालाय. पणजीची चाळीसेक कार्डं एका भावाने हौसेने मोबाईलवर टिपली. लिहिलेली बाजू तेवढी. एका कार्डावर तिने तारीख घातलीय ‘माघ वद्य 3, रात्री’. शक नाही, सन नाही. माघ वद्य तृतीया दरवर्षी येते! नशिबाने मूळ कार्डं पेटीत होती. ते कार्ड उलटलं तर पत्त्याच्या बाजूला टपालाचा शिक्का, 1936 चा. आणि त्याच बाजूला, डावीकडच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने आडवं लिहिलेलं: ‘तुपाचा डबा पोचला का ते कळवणे. यांना सांगितलेले नाही.’ कार्डातली खरी बातमी ती होती. बाकी सगळं सा. न. वि. वि. आणि चिरंजीवांना आशीर्वाद. फोटोत नेमकी तीच नाही. दोन्ही बाजू टिपल्या असत्या तरी पेन्सिल कितपत उठली असती, शंकाच आहे.

मूळ कागद खरं-खोटं करायलाही लागतो. त्याच अलीपूर खटल्यात आणखी एक पत्र होतं, अरविंदांच्या धाकट्या भावाने, बारींद्रने, त्यांना लिहिलेलं म्हणून सरकारने पुढे केलेलं, ‘मिठाई’वालं (मिठाई म्हणजे बॉम्ब, असं सरकारचं म्हणणं). बचाव पक्षाने मायन्यावर आणि सहीवर बोट ठेवलं: धाकटा भाऊ थोरल्याला असं संबोधून खाली आपलं पूर्ण नाव लिहील का? न्यायाधीशांनाही ते पत्र संशयास्पद वाटलं. अरविंद 1909 मध्ये सुटले. मायना कसा, सही कुठे, शाई कोणती, कागद कसला, हे सगळं साक्षीत येतं.

फॉरवर्डवाल्यांना एक गोष्ट मात्र मी देऊन टाकते: घरच्या पेटीत सगळं नसतं. आमच्या वाड्यात गुजराती शेजाऱ्यांकडे काळोतरी, म्हणजे मरणाची बातमी देणारं पत्र, आली की वाचून फाडत, घरात ठेवत नसत. आमच्याकडेही तेच. म्हणजे मरणाच्या बातम्याच पेटीत सापडत नाहीत. त्या विचारायच्या माणसांना.

आणि माणसं चुकतात, हे खरं. इटलीतल्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे कित्येक कामगार सांगत, तो 1953 च्या कामगारकपातीच्या दंगलीत मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ती चूक खोडली नाही, तिच्यापाशी थांबून विचारलं की सगळे एकाच दिशेने का चुकतात? गावाच्या मनात कपातीचा घाव जास्त खोल होता. मृत्यूची तारीख कागदावर मिळाली असती, हा घाव मिळाला नसता. आजीने साल चुकीचं सांगितलं तर टेप बंद करू नका. सांगितलं तसं उतरवा, खरं साल शेजारी लिहा.

राहिला हक्क. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा, मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. पेटी दिली म्हणून तो आपोआप जात नाही, लेखी देऊन टाकला तर जातो. घरातलं काही झाकून ठेवायचं असेल तर ‘अमुक वर्षं कुणाला दाखवू नये’ अशी अट देतानाच कागदावर घालून घ्यावी. तोंडी नको.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर मावसबहिणीचा एकच प्रश्न आला: ‘मग टाचण्या काढू का?’ काढ गं, पण गंजलेली ओढू नकोस, कागद फाटेल. आणि फाटलाच तर सेलोटेप लावू नकोस, तसाच ठेव, मी रविवारी येते.