केवळ साल पाहून भागत नाही

पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्यांवरील लेखात म्हटले आहे की, इयान फ्लेमिंग यांच्या ‘कसिनो रॉयाल’ या पहिल्या जेम्स बाँड कादंबरीच्या आतील पानावर १९५३ हे साल असले की ती पहिली आवृत्ती समजावी. हे सांगणे नवख्या संग्राहकाला खड्ड्यात घालणारे आहे. जोनाथन केप या प्रकाशनाने त्याच वर्षी दुसरे मुद्रणही काढले होते. म्हणून सालाच्या खाली नंतरच्या मुद्रणाची ओळ नाही ना, हे आधी पाहावे लागते.

वेष्टनाबद्दल, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणाबद्दल, तर लेखात अवाक्षर नाही, आणि खरी किंमत तिथेच असते. पहिल्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा अभिप्राय नाही, नंतरच्यावर तो आहे, आणि दुकानदार एका प्रतीचे वेष्टन दुसरीला चढवून मोकळे होतात. पुण्यात अडचण निराळीच. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मला मिळालेल्या जुन्या इंग्रजी हेरकथा बहुतेक वाचनालयांतून बाद झालेल्या होत्या: वेष्टन केव्हाच फेकलेले, वर खाकी कागद, शीर्षकपृष्ठावर जांभळा गोल शिक्का आणि शेवटी तारखांची चिठ्ठी खळीने चिकटवलेली. अशी प्रत वाचायला उत्तम (मी त्या आनंदाने वाचतो), पण तिला लेखात सुचवलेला भाव कोणीही देणार नाही.