पोर तपासा, खाजं जपून ठेवा

पोराला पाचवं वर्ष लागलं आणि अजून तुम्ही त्याची मानसशास्त्रीय चाचणी घेतली नाहीत? मग दहावीला टक्के घसरले की आमच्या सोप्यावर येऊन रडू नका.

सामान फार लागत नाही. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हे प्रयोग सुरू केले, तेव्हा पोरांपुढे मार्शमॅलोसारखा खाऊ ठेवत. फोंड्यात मार्शमॅलो हुडकत कोण फिरणार? जत्रेतलं खाजं आणा. एक काडी बशीत ठेवा, ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन’ म्हणून सांगा आणि पंधरा मिनिटं बाहेर जाऊन बसा. पोर थांबलं तर कलेक्टर. खाल्लं तर किनाऱ्यावर शॅकसाठी जागा बघायला लागा. (कमाई तिथेच जास्त, ते सोडा.)

२०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे नऊशे मुलांची माहिती घेऊन हेच पुन्हा तपासलं. थांबण्याचा पुढच्या अभ्यासाशी मिशेल यांना जो संबंध दिसला होता, तो निम्म्यावर आला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तर त्यातलाही बराचसा विरघळला. हे तुम्ही मनावर घेऊ नका. घरची परिस्थिती सुधारायला खर्च येतो, काडी स्वस्त पडते.

बक्षिसाचंही तसंच. त्याच बालवाडीत १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना ‘काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी रंगीत पेनांना हात लावणं कमी केलं. तेव्हा चतुर्थीच्या आरतीला पोर आपणहून घुमट वाजवत असेल, तर त्याच्या हातावर लगेच शंभराची नोट ठेवा. पुढच्या वर्षी ते आधी भाव विचारेल. व्यवहारज्ञान आलं म्हणून पाहुण्यांना कौतुकाने सांगा.

एक प्रयोग मात्र घरात कोणाच्या नजरेस पडू देऊ नका. २०१३चा, अमेरिकेतल्या रोचेस्टरमधला. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलं घेतली. चित्रासाठी चांगलं सामान आणून देतो असं सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांना खरंच आणून दिलं, उरलेल्यांना ‘सॉरी, संपलं’. मग मार्शमॅलो पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. बाकीची तीन. म्हणजे आपण पोराचा संयम मोजतोय असं समजून घड्याळ लावायचं आणि तिकडे पोराने आपलीच परीक्षा घेऊन निकालही लावलेला! ‘रविवारी मिरामारला नेतो’ हे तुम्ही गणपतीपासून म्हणताय ना? आता दिवाळी गेली. सांगायचं चालू ठेवा, फक्त त्या आठवड्यात चाचणी नको.

मी स्वतः भाच्यावर ही चाचणी घेतली. ताई स्वयंपाकघराच्या दारात, मी बाहेर सोप्यावर. पंधरा मिनिटांनी आत गेलो तर काडी बशीत जागच्या जागी. मला भरूनच आलं. मग जवळ जाऊन पाहिलं. वरचा गूळ, आलं, तीळ सगळं चाटून साफ. आतली बेसनाची पिवळी काडी तेवढी सरळ मांडून ठेवलेली. मिशेलसाहेबांच्या नोंदवहीत या पोराला कुठल्या रकान्यात घातलं असतं कोण जाणे.

‘मी खाल्लं नाही,’ तो म्हणाला. ‘मामा, दुसरं?’

दुसरं मी सोप्यावर बसल्या बसल्या खाल्लं होतं.

‘उद्या आणतो हं बाबू,’ मी म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बशीतली काडी उचलून तोंडात टाकली.