एदिर्नेच्या दवाखान्यात

लेकीचं इस्तंबूलला आठवडाभर ऑफिसचं काम होतं आणि शेवटचे दोन दिवस मोकळे होते, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. कप्पादोक्याला जा, बलूनमध्ये बसा, फोटो छान येतात, असा ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला होता. आम्ही एदिर्नेला गेलो. या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, पण तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. म्हणून आज बसून लिहितेय. लांबलंय, सवडीनं वाचा.

एदिर्ने इस्तंबूलच्या पश्चिमेला, साधारण 240 किलोमीटरवर. बसनं तीन तास लागतात आणि वाटेत बसमध्येच चहा मिळतो. पुढे थोड्या अंतरावर तुर्कस्तान संपतो, एका बाजूला ग्रीस, दुसऱ्या बाजूला बल्गेरिया. रोमन सम्राट हेड्रियनच्या नावावरून या गावाचं नाव पडलं, तेच घासत घासत एदिर्ने झालं. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकेपर्यंत ऑटोमन सुलतानांची राजधानी इथे होती, आणि ते जिंकणारा दुसरा मेहमद 1432 साली इथेच जन्मला. एवढा इतिहास असूनही गाव शांत आहे. दुपारी म्हातारी माणसं झाडाखाली चहाचे छोटे पेले घेऊन बसलेली असतात, त्यांना कुठेही जायची घाई नसते. मिरजेच्या माणसाला दहा मिनिटांत घरच्यासारखं वाटावं असं गाव.

गेलो होतो सेलिमिये मशिदीसाठी. ऑटोमन दरबाराचा वास्तुकार मिमार सिनाननं ती ऐंशीच्या घरात असताना बांधली, 1575 मध्ये पूर्ण झाली. इस्तंबूलची शेहजादे मशीद ही आपली उमेदवारी, सुलेमानिये ही कारागिरी आणि सेलिमिये ही उस्तादी, असं तो म्हणायचा असं सांगतात. घुमटाचा व्यास 31 मीटरहून थोडा जास्त, आणि तो आठ खांबांवर तोललेला. चार मिनार सत्तर मीटरच्या आसपास उंच, गावात कुठूनही दिसतात. आम्ही गेलो तेव्हा आत डागडुजी चालू होती. परांचीनं घुमटाचा मोठा भाग झाकलेला, मान वर करून जे शोधायला गेले ते लोखंडी नळ्यांआड राहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मशिदीत एका खांबावर उलट्या ट्यूलिपचं छोटं नक्षीकाम आहे, त्याची गोष्ट मात्र तिथे कुणीही सांगतं. या जागेवर एका बाईची ट्यूलिपची बाग होती, ती जमीन द्यायला तयार होईना. शेवटी तयार झाली ती ट्यूलिपची आठवण मशिदीत राहील या अटीवर. ट्यूलिप राहिला, पण उलटा, तिच्या हट्टाची खूण म्हणून. दंतकथा असेल. मला त्या बाईचं कौतुक वाटलं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. इथली खासियत म्हणजे कागदासारखी पातळ कापून कडक तळलेली कलेजी, सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. लेक दोन प्लेट जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी केली. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला तुर्की नाही. चौकातल्या कुस्तीगिरांच्या पुतळ्याकडे बोट करून तो म्हणाला, "पेहलिवान." मी म्हटलं, "पैलवान!" तो इतका खूश झाला की गाडीच हळू केली. एदिर्नेत दर उन्हाळ्यात किर्कपिनारच्या कुस्त्या होतात. चामड्याची विजार घालून, अंगभर ऑलिव्हचं तेल चोपडून मल्ल गवतावर उतरतात. 2010 मध्ये युनेस्कोनं या कुस्त्यांना अमूर्त वारसा म्हणून मान दिला. मैदानाला तेही मेयदान म्हणतात. कोल्हापूरच्या खासबागेत लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेल्या मला पुढचं काही भाषांतर करून लागलं नाही.

तुंजा नदीच्या पलीकडे, गावाबाहेर, त्यानं आम्हाला सोडलं. सुलतान दुसऱ्या बायेझिदची कुल्लिये, म्हणजे मशिदीभोवती बांधलेल्या इमारतींचं संकुल. सुलतान 1484 मध्ये मोल्दाव्हियाच्या स्वारीवर निघाला असताना तिचा पाया घातला गेला आणि चार वर्षांत, 1488 ला काम पुरं झालं. मशीद, अन्नछत्र, वैद्यकीची शाळा आणि दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. आता रुग्णालय आणि शाळेत त्राक्या विद्यापीठाचं आरोग्य संग्रहालय आहे. 1997 मध्ये ते सुरू झालं आणि 2004 साली त्याला युरोप परिषदेचं संग्रहालय पारितोषिक मिळालं.

तिकीट काढून आत गेलो. पहिलं अंगण लांबट, मग दुसरं लहान, आणि शेवटी एक षट्कोनी दालन. वर मोठा घुमट, त्याला माथ्यावर उजेडाची वाट. मधोमध संगमरवरी कारंजं. त्याच्या भोवतीनं हिवाळ्यासाठी बंद खोल्या, उन्हाळ्यासाठी पुढून उघडे ओवरीसारखे कोनाडे, आणि त्यातलाच एक थोडा उंचावलेला, वादकांसाठी. इथे मनाच्या आजाराचे रुग्ण राहायचे. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहून गेलाय की इथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीन वेळा ते रुग्णांसाठी वाजवायचे. वसंतात रुग्णांना हुंगायला फुलं आणून द्यायचे. आजाराप्रमाणे मकाम निवडायचे, मकाम म्हणजे साधारण आपला राग. संग्रहालयात बासरीसारख्या 'नेय'चं ध्वनिमुद्रण चालू होतं. त्यांचा हिजाज मकाम ऐकताना बसंत मुखारीची आठवण येते, स्वर जवळजवळ तेच.

मी कारंज्याजवळ उभी राहिले आणि मला आत्या दिसली.

माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. तिला काय झालं होतं हे आमच्या घरात कधी नावानं बोललं गेलं नाही. "तिचं डोकं फिरलंय" एवढंच. लग्नानंतर दोन वर्षांत सासरहून परत आणून सोडली. आमच्या मिरजेच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती, शेजारी जळणाची लाकडं ठेवायची जागा. आत्या तिथे राहायची. खोलीला खिडकी होती, पण ती बोळात उघडायची म्हणून लावलेली असायची, लोकांना दिसायला नको. कडी बाहेरून. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आजी रोज तिची वेणी घालायची. पण पाहुणे आले की आम्हा पोरांना ताकीद असायची, मागं जायचं नाही.

घराजवळ सतारमेकरांचं एक दुकान होतं. मिरजेत सतारी आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या बनतात हे तुम्हाला माहीत असेलच, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. दुपारी तिथे कारागीर जवारी काढत बसायचे. तार छेडायची, घोडी जराशी घासायची, परत छेडायची. तासन्‌तास एकच सूर. आत्याचा आवाज चढलेला असला तरी त्या वेळी ती भिंतीला पाठ लावून गप्प बसायची. हे मी दाराच्या फटीतून पाहिलंय, एकदा नाही, कितीदा तरी.

आणि हे गाव कुठलं, तर मिरज! जिथे दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, जिथे औषधपाण्यासाठी कर्नाटकातूनही माणसं येतात. सूर होते, डॉक्टर होते. आत्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. अमका राग ऐका आणि तमका आजार घालवा असे मेसेज मला येतात, कृपा करून त्यात या पोस्टची भर घालू नका. आत्याला औषध हवं होतं, चांगला डॉक्टर हवा होता, आणि ते वेळेवर मिळालं असतं तर ती कदाचित चारचौघींसारखी जगली असती. एदिर्नेतही सगळं सोन्यासारखं राहिलं नाही. साम्राज्य उतरणीला लागलं तशी दवाखान्याची रया गेली, रुग्णांच्या पायात साखळ्या आल्या. आणि आपल्याकडे तर रुग्णाला साखळीनं बांधायचं नाही हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहावं लागलं.

मला त्या दालनात हलवलं ते त्याच्या नकाशानं. बांधणाऱ्यानं आधी विचारलं असणार की इथे झोपणाऱ्याला डोळे उघडल्यावर काय दिसेल. मग त्यानं पाणी मधे ठेवलं, उजेड वरून सोडला आणि खोल्या त्याच्या भोवती मांडल्या. सगळ्या खोल्यांची तोंडं एकमेकांकडे. मागची खोली अशी तिथे नाहीच. घडीव दगड आणि घुमट, जे मशिदीला दिलं तेच या माणसांनाही दिलं. सेलिमियेचा घुमट नीट पाहायला मिळाला नाही याची रुखरुख तिथे बसल्यावर गेली, ती गेलीच.

मी तासभर तरी कट्ट्यावर बसून होते. शाळेची एक सहल आली, पोरं आत शिरली आणि आपोआप हळू आवाजात बोलायला लागली, कारण त्या घुमटाखाली कुजबुजलेलंही स्पष्ट ऐकू येतं. लेक काही बोलली नाही, नुसती शेजारी येऊन बसली. तिला मी आत्याबद्दल कधीच नीट सांगितलं नव्हतं, म्हणजे मीही घरच्यांसारखीच वागले होते. त्या दिवशी सगळं सांगितलं, खोली, कडी, खिडकी, सगळं.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "आई, आत्याआजी गायची का गं?"

मला माहीत नव्हतं. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले असतील, जेवण उरकलं असेल असा अंदाज घेऊन मी तिथूनच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलं. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कटला.

"जात्यावर बसली की म्हणायची," ते म्हणाले. "आईपेक्षा चांगला गळा होता तिचा. मला उठवायला यायची गरज पडायची नाही कुणाला, तिच्या ओव्यांनीच जाग यायची." आणि मग त्यांनी एक ओळ म्हणून दाखवली, थरथरत्या आवाजात, अर्धीच. पुढचं आठवेना त्यांना. लेकीनं फोन स्पीकरवर टाकला होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं आणि परत खिडकीकडे तोंड केलं.