ब्लॉगला गुण कोण देणार?

प्राध्यापकांना वेळ नसतो म्हणून ते ब्लॉग लिहीत नाहीत, हे एका लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. वेळ काढता येतो हो, पण पदोन्नतीच्या फाइलीत त्याचं काय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला विज्ञानात 8 आणि भाषा-सामाजिक शास्त्रांत 10 गुण आहेत. ब्लॉगला रकानाच नाही! मग माणूस आधी कशाला हात घालेल?

शिवाय संशोधनाची कल्पना ब्लॉगवर आधीच उघड केली तर दुसरा कोणी उचलेल ही धास्ती. पण केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी 2009 मध्ये उलटंच केलं. हेल्स-ज्युएट या गणिती प्रमेयाच्या एका अवघड रूपाची नवी सिद्धता शोधायचं काम त्यांनी थेट ब्लॉगवर टाकलं. टेरेन्स टाओंसारख्या नामांकित गणितज्ञापासून एका शाळाशिक्षकापर्यंत कितीतरी जण खाली प्रतिक्रियांत अर्धेकच्चे विचार मांडत गेले, चुकत गेले, आणि काही आठवड्यांत वाट सापडली. निबंध छापला तोही 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामाईक टोपणनावाने.

अर्थात गॉवर्सना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, आधीच मिळालेलं होतं. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना असली उदारता मी तरी सुचवणार नाही.