‘तीनदा सायकल’ हे ध्येय नव्हे, मान्य. पण मग आकडा कुठला?

नमस्कार,

धावणं बंद झालेल्यांनी दुसरं ध्येय शोधावं, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला: ‘सायकल चालवा, पोहा’ हे तर कुणीही सांगतो, आणि १० किलोमीटर ५० मिनिटांत पळणाऱ्याला ‘आठवड्यातून तीनदा सायकल’ हे ध्येय वाटूच शकत नाही. दुसरा: दुखावलेल्या माणसाच्या डोक्यात पुन्हा आकडे भरवले, तर तो आणखी एक दुखापत ओढवून घेणार. तिसरा: त्यापेक्षा मुकाट्याने चालावं, तेवढं पुरे.

पहिला आक्षेप आकडा मागतो आणि दुसरा तोच काढून घेतो, ही गंमत बाजूला ठेवू. पहिला मला पूर्ण मान्य आहे. ‘तीनदा सायकल’ हे वेळापत्रक झालं. दुसरा अर्धा मान्य. आकड्याने दुखापत होते ती एका विशिष्ट वेळी: तो गाठताना जो भाग सर्वांत आधी हात टेकतो, तोच दुखावलेला असेल तेव्हा. म्हणून नवीन ध्येय निवडताना एवढंच तपासायचं की जोर वाढवत नेला तर आधी काय थांबेल. दम, मांड्या, कौशल्य यांपैकी काहीही चालेल. दुखरा सांधा किंवा दुखरी शीर (म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, टेंडन) आधी थांबत असेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

इथेच मूळ लेखातली खरी चूक आहे, आणि ती तुम्ही दाखवलेली नाही. ‘धक्के न बसणारा कोणताही व्यायाम चालेल’ असं वाक्य त्यात होतं. ते चुकीचं आहे. ‘धावू नका’ या दोन शब्दांत धावण्यातली नेमकी कुठली गोष्ट वर्ज्य आहे ते कळतच नाही. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारायचं ते असं: पाय आदळणं बंद आहे, की वजन घेऊन गुडघा खोल वाकवणं, की पिळणं, की टाच ताणली जाणं? आणि ही बंदी काही आठवड्यांची की कायमची?

उत्तरानुसार यादी पार बदलते. हाडाला सूक्ष्म तडा असेल तर प्रश्न बहुधा आदळण्याचा असतो. परवानगी मिळाली की सायकल आणि पाणी दोन्ही खुले. वाटीच्या मागे दुखत असेल तर सीट खाली ठेवलेली सायकलही तितकीच त्रास देईल. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. पुढून दुखलं तर सीट बहुतेक वेळा खाली असते, मागून दुखलं तर वर. टाचेच्या शिरेचा म्हणजे अकिलीजचा त्रास असेल तर पेडल चवड्याऐवजी तळव्याच्या मध्याकडे सरकवून घ्यावं. मांडीच्या मागची शीर बसायच्या हाडापाशी दुखत असेल, तर सायकल आणि रोइंग (मशिनवर बसून वल्हवणं) दोन्ही नकोत, कारण दोन्हींत त्याच जागेवर बसायचं आणि वर पुढे वाकायचं. आणि गुडघ्यातली गादी फाटलेल्याला ‘पोहा’ म्हणून सोडून दिलं आणि त्याने ब्रेस्टस्ट्रोक सुरू केला, तर त्या लाथेतला पीळ थेट गुडघ्यावर येतो.

आता आकडा. ज्यांचा गुडघा वाकायला मोकळा आहे आणि कंबर ठणठणीत आहे, त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती रोइंग मशिनवरचे २००० मीटर. घड्याळ खोटं बोलत नाही, वारा-चढ आड येत नाहीत, आणि धावणाऱ्याला हवा असतो तसा ‘वेग’ पडद्यावर दिसतो: ५०० मीटरला किती वेळ.

हवेच्या पंख्यावर चालणाऱ्या मशिनला बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो. नवखा माणूस तो १० वर नेतो, कारण त्याला ती व्यायामाची ‘पातळी’ वाटते. तो सायकलच्या गिअरसारखा आहे. १० वर प्रत्येक ओढ जड होते आणि कंबर भरून येते. ३ ते ५ वर ठेवा. पडद्यावर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवेचा किती अडथळा होतो त्याचा आकडा, दिसत असेल तर ११० ते १३० पाहा, आणि दर चाचणीला तोच ठेवा. जाळीत धूळ साचली की त्याच खटक्यावर हा आकडा घसरतो. ओढताना क्रम पाय, धड, हात. परतताना हात, धड, गुडघे. परतीला ओढीच्या दुप्पट वेळ द्यायचा. गुडघे आधी वर आले तर हात त्यांना वळसा घालून जातात; असं दिसलं की क्रम बिघडलाच समजा. गुडघा पूर्ण दुमडणं नको असेल तर नडगी उभी होण्याच्या थोडं आधी थांबा. ओढ लहान होईल, मापन बिघडणार नाही.

पहिले तीन आठवडे वेळ पाहायचीच नाही. आठवड्यातून तीन दिवस, ५ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, मिनिटाला १८ ते २२ ओढी. तुकडा दर आठवड्याला एका मिनिटाने वाढवा. चौथ्या आठवड्यात २००० मीटरची पहिली चाचणी, बाराव्यात दुसरी.

लक्ष्य ठरवताना मात्र धावण्याचं गणित आणू नका. इथे वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २००० मीटर १० मिनिटांत म्हणजे सरासरी १०४ वॉट. ९ मिनिटांत १४२. ८ मिनिटांत २०३. पहिलं मिनिट ३८ वॉटला मिळालं, दुसरं ६१ला. म्हणून दहाव्या मिनिटावरून आठव्यावर उडी मारायचं ठरवणारा चिडतो, आणि चिडला की पाठीने ओढतो.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपात जी भीती आहे, तिचं खरं कारणही इथेच आहे. धावणाऱ्याचं हृदय आणि फुफ्फुसं तयार असतात. नवीन खेळासाठी त्याचे खांदे, मनगटं आणि कंबर तयार नसतात. पहिल्याच दिवशी त्याला ४५ मिनिटं सहज जमतात, दमही लागत नाही, आणि दहाव्या दिवशी मनगट धरतं. त्यामुळे सुरुवातीला मर्यादा दमाने नाही, मिनिटांनी घालायची. हृदयाचे ठोकेही जुने वापरू नका. सायकलवर ते त्याच श्रमाला धावण्यापेक्षा साधारण ५ ते १० कमी पडतात, पोहताना त्याहूनही कमी, कारण शरीर आडवं असतं आणि पाण्याचा दाब असतो. धावतानाचे १६० ठोके सायकलवर आणायला निघालात तर आधी मांड्याच पेटतील. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनी कसोटी पोहणं सोडून सगळीकडे चालते.

पोहण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे धावणाऱ्याचा अडसर दम नसतो, घोटा असतो. तो ताठ असतो, पाऊल मागे सरळ होत नाही, मग ते पाण्यात ब्रेक लावतं आणि पाय बुडतात. जास्त लाथा मारणं हा उपाय नव्हे. मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) धरा आणि हात व श्वास आधी बसवा. मापन असं: एका दिवशी ४०० मीटर, पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटर, दोन्ही जोर लावून. समजा १० मिनिटं आणि ४ मिनिटं ४० सेकंद लागले. फरक २०० मीटरला ३२० सेकंद, म्हणजे टिकवता येणारा वेग १०० मीटरला २:४०. तो २:३० वर आणणं हे बारा आठवड्यांचं रास्त ध्येय आहे.

‘चालणं पुरे’ याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगतात, आणि भरभर चालून ते भरतात. आरोग्यासाठी तुमचं म्हणणं बरोबर. पण आठवड्याला ४० किलोमीटर पळणाऱ्याचा दम सपाटीवर चालून टिकत नाही. चढावर टिकतो. ट्रेडमिलवर १० टक्के चढ आणि ताशी ५.५ किलोमीटर, याला लागणारा प्राणवायू सपाटीवर ताशी ८ किलोमीटर धावण्याच्या जवळपास असतो, आणि पाय आदळत नाहीत. कठडा धरला की मात्र हिशेब संपला. वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि पडद्यावरचा आकडा नुसता दिखाऊ राहतो. ‘१० टक्के चढावर सलग ३० मिनिटं, हात न लावता’ हे माझ्या मते उत्तम ध्येय आहे. अकिलीज दुखणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये, चढावर टाच ताणलेलीच राहते.

सायकल किंवा पोहणं निवडणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम जोडावा. हाडांना जो भार धावण्यातून मिळायचा, तो या दोन्हींतून मिळत नाही.

दुखण्याचं काय? ० ते १० च्या मापात ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीला आलेलं हवं. नाही आलं, तर पुढचं सत्र आधीच्या दोन तृतीयांश मिनिटांचं. सूज, गुडघा अडकणं, पाय अचानक दगा देणं किंवा रात्री झोपेत दुखणं यांना हे माप लावायचं नाही. व्यायाम थांबवून दाखवून घ्यायचं.

लेखातलं ते वाक्य आज बदलतो आहे. तुमच्या प्रतिक्रियेत ‘माझाही गुडघा गेला’ एवढंच आहे. तो जिना चढताना दुखतो, उतरताना, की बसून उठताना, आणि पूर्ण वाकतो का, ते कळवलंत तर वरच्यांपैकी कोणते आकडे तुम्ही बाजूला ठेवावेत ते सांगता येईल.