खवल्यावरची वर्तुळे मोजली की माशाचे वय कळते?

माशाचा खवला भिंगाखाली धरावा, त्यावर जितकी वर्तुळे तितकी वर्षे. खवला नसेल तर आकार पाहावा, कारण मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा. शिवाय मासे झपाट्याने वाढत असल्याने बारीक मासळी धरली तरी काही बिघडत नाही, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यातील पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसरे मासेमारीवर पोट असलेल्यांचेच नुकसान करणारे आहे.

खवल्यावर वाढीच्या रेषा असतात हे खरे. मात्र त्यातली प्रत्येक रेषा एका वर्षाची नसते. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते, रेषा दाटीने पडतात आणि तो दाट पट्टा वर्षाची खूण मानता येतो. १८९८ साली हॉफबाउर यांनी कार्प माशावर हे दाखवले. अरबी समुद्रात तसा हिवाळा नाही, आणि उपासमार किंवा अंडी घालण्याचा ताण यांमुळेही अशाच खुणा उमटू शकतात. गळालेल्या खवल्याच्या जागी येणाऱ्या नव्या खवल्याचा मधला भाग कोराच राहतो, तर वयस्क माशांत खवल्याची वाढ जवळपास थांबल्याने वय कमी भरते. शिंगाळा आणि वाम यांना तर खवलेच नसतात.

म्हणूनच अभ्यासक प्रामुख्याने कर्णाश्माकडे वळतात. घोळ किंवा ढोम्याचे डोके फोडल्यावर जे पांढरे, कठीण खडे हाती लागतात ते हेच. आंतरकर्णातला हा कॅल्शियम कार्बोनेटचा खडा थरावर थर चढत वाढतो. त्याचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. १९७१ साली पॅनेला यांनी तर दररोज पडणारे थर ओळखून दाखवले. तरीही नुसते मोजणे पुरेसे नसते. थर वर्षाला एकच पडतो हे त्या प्रजातीपुरते सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी माशाला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून कर्णाश्मावर खूण उमटवतात, मासा पुन्हा समुद्रात सोडतात आणि तो परत सापडल्यावर खुणेपुढचे थर मोजतात.

आकाराविषयीचा दावा किती फसवा आहे, हे ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशाने दाखवले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडजवळ आणि पुढे ऑस्ट्रेलियाजवळ त्याची मोठ्या प्रमाणावर मासेमारी सुरू झाली, तेव्हा तो किती सावकाश वाढतो याची कल्पना नव्हती. १९९१ साली फेन्टन व सहकाऱ्यांनी कर्णाश्मातील शिसे-२१० आणि रेडियम-२२६ या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या प्रमाणावरून वय काढले, तेव्हा ३८ ते ४० सेंटिमीटरचे मासे ७७ ते १४९ वर्षांचे निघाले, आणि प्रजननक्षम होण्याचे वय सुमारे ३२ वर्षे आले. हातभरही लांबी नसलेल्या अशा माशाचे साठे तोवर झपाट्याने उपसले गेले होते. २००६ साली ऑस्ट्रेलियाला ही प्रजाती संरक्षणावलंबी, म्हणजे संरक्षणाचे उपाय थांबले तर धोक्यात येणारी, म्हणून नोंदवावी लागली. याउलट आपली तारली दोन-अडीच वर्षांतच आयुष्य संपवते. प्रजाती बदलली की लांबी आणि वय यांचा हिशेबही बदलतो, आणि एकाच प्रजातीतही सुरुवातीला वाढ वेगाने होऊन पुढे मंदावत असल्याने मोठ्या माशांच्या लांबीवरून वयाचा अंदाज बांधणे अधिकच कठीण होते.

आता बारीक मासळीविषयी. मासा भरभर वाढतो हे मान्य केले, तरी प्रश्न उरतो तो पकडला जाण्याआधी त्याने एकदा तरी अंडी घातली की नाही हा. ती वेळ कोणत्या लांबीला येते, हे वाढीच्या व परिपक्वतेच्या अभ्यासाविना ठरवता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, त्यात पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. होडीवर कोणी कर्णाश्म कापून पाहू शकत नाही, पण माशाला पट्टी लावू शकतो, आणि नियम लांबीत सांगण्याचे कारण एवढेच आहे.