कौलं, चिरे आणि भाऊबंद

राजापूरजवळचं आमचं जुनं घर जेसीबीने एका दिवसात झोपवलं असतं. ठेकेदार तसं म्हणालाही. पण धाकटे काका आडवे आले. "अरे, सागवान आहे आत! आणि हा हातघडणीचा जांभ्याचा चिरा! आताच्या मशीनच्या चिऱ्याला याची सर आहे?" त्यामुळे घर हाताने, एकेक नग सोडवत उतरवायचं ठरलं. काका देखरेखीला खुर्ची टाकून बसले. रजा मी काढली.

यात जे शेवटी चढलं ते आधी उतरतं. कौलं, रिपा, वासे, आढं, भाल म्हणजे मोठी तुळई, खांब आणि सरतेशेवटी भिंती. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, एकेक दोन-अडीच किलोचं. वरचा गडी ती खाली सोडतो, मधला झेलतो आणि पुढे देतो. मधला मी होतो. तेवढ्यात काकांना एका कौलाच्या पाठीवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हा आकडा दिसला. "सत्तावनच्या बंडानंतर आठच वर्षांनी!" ते गहिवरले. १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाला ते साल, कौल भाजल्याचं नव्हे, आणि आपलं घर आजोबांनी बांधलंय, हे मी वर बघता बघता सांगत होतो. वरच्या गड्याला इतिहासात रस नव्हता. पुढचं कौल माझ्या पायाशी फुटलं. "१८६५ चं फोडलंस!" काका ओरडले. पायाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

भिंतींनी मात्र त्रास दिला नाही. चिरे मातीत बसवलेले, पहार लावली की अख्खे सुटत. अडलं ते मोरीपाशी. ती काकांनी ऐंशीच्या दशकात 'एकदाच काय ते पक्कं' म्हणून सिमेंटमध्ये बांधून घेतली होती. सिमेंट चिऱ्याला असं धरून बसतं की आधी चिरा फुटतो, मग सांधा. अख्ख्या माजघराला लागला नाही इतका वेळ त्या मोरीने खाल्ला. काका तेवढ्यापुरते खुर्ची उचलून सावलीच्या बाजूला गेले. जाताना रिपांतले गंजके खिळे ठोकून सरळ करायचं काम मला देऊन गेले.

एवढ्यात बातमी फुटली. घर उभं असताना पावसाआधी शाकारणीला कोणी यायचं नाही, वर्गणी मागितली की फोनला रेंज नसायची. आता सगळ्यांना एकदम रेंज आली. एका चुलत भावाने झोपाळ्याच्या कड्यांवर हक्क सांगितला. झोपाळा त्याला नको होता. डोंबिवलीच्या आत्याने देवघराची चौकट मागितली. "तिला धरून मी चालायला शिकले रे!" चौकट जेमतेम पाच फुटी, आत्येभाऊ सहा फुटी, आणि त्यांच्या इमारतीची लिफ्ट ही तिसरी भानगड. आत्या म्हणाली, "वाकून जाईल. देवाच्या दारात वाकायचंच असतं."

शेवटी जुन्या लाकडाचा व्यापारी आला. काकांनी त्याला भालापुढे उभं केलं. "वाजवून बघा, घंटेसारखं वाजतं!" त्याने टिचकी मारली, टेपने मापलं आणि घनफुटाचा असा भाव सांगितला की काका पाणी मागायला लागले. मग त्याची नजर आम्ही जाळायला काढलेल्या ढिगाकडे गेली. वाळवीने कोरलेल्या फळ्या, बिजागऱ्या लोंबकळणारी खिडकी, कुजलेलं खांबाचं टोक. पुण्यातल्या एका कॅफेला भिंतीवर लावायला नेमकं असंच हवं होतं म्हणे. भाव भालाच्या दीडपट.

काका खुर्चीतून तटकन उठले. पलीकडे सुतार एका वाशाचं किडकं टोक कापून टाकत होता.

"अरे, थांबव त्याला!" काका माझ्यावर ओरडले. "चांगला माल वाया घालवतोय!"